बारीक बर्फ

राजेशच्या डाव्या भुवईवर आडवा व्रण आहे, तो मी दिलेला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नाहीत, ती माझ्या भावाने घेतली. उजव्या डोळ्याचं पुढे सांगते. लोक म्हणतात, तुमची गाठ देवानेच बांधलीय, म्हणून तर कितीही लांब गेलात तरी परत एकमेकांसमोर येता. देवाने बांधली असेल तर जरा हलक्या हाताने बांधायची होती, एवढंच माझं म्हणणं आहे. आम्ही जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा कुणाचं ना कुणाचं रक्त सांडलं. तरी मला दुसरा कुणी नको होता. मला हाच हवा होता, जिवंत, आणि माझ्या घरात. एवढ्या एका गोष्टीसाठी काय काय करावं लागलं ते ऐका.

मी रोशनी, गोराईच्या कोळीवाड्यातली. बाप महादू, होडीवाला, मी शाळेत असतानाच गेला. मागे आई अंजनाबाई, भाऊ कृणाल, एक होडी आणि एक दांडका राहिला. दांडका म्हणजे चिंचेच्या लाकडाचा, हातभर लांब, बापाने स्वतः तासलेला. सुरमई, घोळ असले मोठे मासे नुसत्या कोयत्याने तुटत नाहीत. कोयता माशावर टेकवायचा आणि वरून दांडका हाणायचा, मग काटा तुटतो. आमच्या पाटीत मासे असोत नसोत, दांडका असायचाच.

पहिल्या भेटीत मी विशीचीही नव्हते. गोराईच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत उभी होते, डोक्यावर पाटी, बाजूला आई. रविवार होता. बीचवर पिकनिकला आलेल्या पोरांची झुंबड परत निघाली होती. गर्दीत मागून कुणीतरी मला असं चिमटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मी पाटी खाली ठेवली, दांडका काढला, वळले आणि जो समोर दिसला त्याच्या कपाळावर घातला.

पोरगा बसलाच खाली. रक्त डोळ्यात, नाकावर, पांढऱ्या शर्टावर. त्याचे दोस्त माझ्या अंगावर धावले. एकाने माझा खांदा धरला, त्याच्या मनगटावर मी दुसरा दिला. तेवढ्यात खाली बसलेला ओरडला, "सोडा रे तिला! हात लावू नका!" मग एका हाताने भुवई दाबत माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं ए, मी नव्हतो तो. तो मघाशीच पळाला, लाल टोपीवाला."

"मग तू इथे कशाला उभा होतास?" मी म्हटलं.

तो रक्ताळलेल्या तोंडाने हसला. आई मात्र पुढे धावली. "काय केलंस गो पोरी? परक्याचे पोराचा डोका फोरलास!" असं म्हणत तिने आपल्या पदराची चिंधी फाडून त्याला बांधली. मी माफी मागितली नाही. लाल टोपीवाला सापडला असता तर त्याचीही मागितली नसती. फेरीबोट आली, ते चढले, आम्हाला पुढच्या खेपेला जावं लागलं. तो पलीकडे उतरेपर्यंत माझ्याकडे बघत होता, एका डोळ्याने. दुसऱ्यावर आईची हिरवी चिंधी होती.

मग मधे काही वर्षं गेली. आईचे गुडघे गेले आणि चारकोपच्या बाजारातली तिची जागा माझ्याकडे आली. सकाळी खाडी ओलांडायची, रिक्षाने चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या बर्फाच्या कारखान्यावर जायचं, पाट्या तिथे ठेवायच्या. कामगार मोठ्या लाद्या मशीनमध्ये घालतात, कुटलेला बर्फ ज्याच्या त्याच्या पाटीत टाकतात. पाट्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीने आपल्या पाटीला चिंधी बांधलेली असते. आईची खूण हिरवी, तीच मी चालू ठेवली.

पहिल्याच दिवशी मशीनवरचा माणूस माझी पाटी उचलायला आला, चिंधी बघितली, मग मला बघितलं. भुवईच्या मधोमध केस उगवले नव्हते.

"आज दांडका आणलायस?" त्याने विचारलं.

"रोज आणते."

"मग मी लांबूनच बर्फ टाकतो."

नाव राजेश. आजोबा मालवणहून येऊन परळच्या गिरणीत लागले होते, गिरणी बुडाल्यावर घर चारकोपच्या सेक्टरमध्ये आलं. बारावीनंतर हा इथे लागला. मला तो आवडला हे मी लगेच कबूल करते. उगाच लाजण्यात काय अर्थ आहे? डोकं फोडणाऱ्या बाईची थट्टा करणारा माणूस रोज कुठे भेटतो?

तरी गोष्ट थट्टेवरच राहिली असती, पण बाजारात राडा झाला. आम्ही बसायचो त्या जागेवर एका बिल्डरच्या माणसाला दुकानं काढायची होती. आधी गोड बोलून झालं, मग दमदाटी. एका दुपारी क्रिकेटचे स्टंप घेऊन सातआठ पोरं आली आणि शेवटापासून पाट्या लाथाडत सुटली. माझ्या शेजारी चेतना बसायची, गोराईचीच, दोन लेकरांची आई. तिची पापलेटं गटारात गेली. ती आडवी पडली तर एकाने तिच्या पाठीत स्टंप घातला. मी उठले. त्याच्या गुडघ्यावर दांडका बसला तेव्हा काटा तुटतो तसाच आवाज आला. दुसऱ्याने मला तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला, दात हलला, मी मासळीच्या पाण्यात पडले. तो परत स्टंप उचलत होता. मी कोयता फिरवला, तो त्याच्या तळहातावरून गेला.

तेवढ्यात राजेश आला. बर्फ पोचवायला हातगाडी घेऊन आला होता, हातात लादी ओढायचा लोखंडी आकडा. त्याने तो आकडा एकाच्या खांद्यात घातला आणि ओढला. तो माणूस किंचाळला ते मला अजून ऐकू येतं. राजेश थांबला नाही. खाली पडलेल्याला लाथा घालत राहिला. तोंडावर, बरगड्यांवर, परत तोंडावर. शेवटी मीच त्याला मागून धरलं. "बस रे! मरेल तो!" त्याचं अंग थडथड उडत होतं. हा हसरा माणूस आतून असा आहे हे मला तेव्हा कळलं, आणि भीती वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. आम्ही दोघं एका जातीचे नव्हतो, पण एका रागाचे होतो.

पोलीस येऊन दोन्ही बाजूंच्या लोकांना घेऊन गेले. राजेशला आठवडाभर आत ठेवलं. सुटला त्या दिवशी मी कारखान्यावर गेले. माझ्या गालाची सूज तोवर उतरली नव्हती, दाढेशी गळू झालं होतं. त्याने लादीचा तुकडा घेतला, गोणपाटात गुंडाळला आणि हाताने कुटत बसला. इतका बारीक कुटला की पीठ. मग रुमालात घेऊन माझ्या गालावर धरला.

"एवढा कशाला कुटायचा?" मी विचारलं.

"जाडा बर्फ सुजेवर टोचतो. बारीक टोचत नाही."

मी रडले. मार खाताना रडले नव्हते, तेव्हा रडले. त्याने रुमाल पिळून परत भरला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पाटीतला बर्फ बदलला. बाकीच्यांना मशीनमधून येतील तसे खडे, माझा दोनदा मशीनमधून काढलेला, पिठासारखा. पापलेटाच्या अंगावर एक ओरखडा नाही. मी त्याला सांगायला हवं होतं की असं करू नकोस. पण नाही सांगितलं. रोज पाटीवरचा गोणपाट उचलला की तो पांढरा बर्फ दिसायचा आणि माझा दिवस झकास जायचा. मासळीवाल्या बायकांच्या नजरेतून मात्र बर्फ सुटत नाही. परतीच्या फेरीबोटीवर सगळ्यांच्या देखत चेतना हसत म्हणाली, "आमाला दगरं आनि हिला पीठ! कारखान्यान कोन बसलाय गो तुजा?" बायका खिदळल्या. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बोटीवर कृणालचा खलाशी बसला होता.

कृणाल माझ्याहून मोठा. बाप गेल्यावर तोच बाप झाला होता, असं त्याला वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यावर पोचले तेव्हा मशीन बंद होतं आणि पांढऱ्या बर्फाचा ढीग गुलाबी झाला होता. कृणाल आधीच येऊन गेला होता. सोबत दोघं. मशीन चालू असताना त्यांनी राजेशला धरलं आणि कृणालने त्याचा उजवा हात मशीनच्या तोंडाशी नेऊन विचारलं, "हिरव्या चिंधीचा बर्फ तूच कुटतोस ना?" राजेश हो म्हणाला. हा माणूस नाही म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण हो म्हणाला.

हॉस्पिटलात पोलिसाला त्याने सांगितलं, हात घसरला. मला आत सोडलं नाही. दारात त्याची आई नलिनी उभी होती, लहानशी बाई, डोळे सुजलेले. "तुझ्यापायी माझ्या झिलाचो हात गेलो," ती म्हणाली. "आता त्येचो जीव तेवढो ऱ्हवलोहा. तो तरी सोड, बाय." तिने शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं. तिने हात जोडले. मी परत फिरले. नंतर कळलं की त्याला गावी नेलं, चारकोपची खोली बंद झाली.

आता माझ्या रागाचं सांगते. कृणालची जाळी किनाऱ्यावर वाळत होती, नवी, त्या वर्षीच घेतलेली. मी रॉकेलचा डबा ओतला आणि काडी लावली. नायलॉन जळतो तेव्हा वितळून थेंबाथेंबाने गळतो, धूर काळा. अख्खा कोळीवाडा धावत आला. कृणाल वल्हं घेऊन आला. पहिला फटका मी हातावर झेलला आणि कोपराखालचं हाड मोडलं. दुसरा पाठीत. तिसरा बसण्याआधी लोकांनी त्याला धरला. मी वाळूत पडूनच ओरडले, "माझ्या हाताचं कुंकू लागल्याशिवाय होडी पाण्यात घालून दाखव! बघते कशी भरते ती!"

हे कुंकवाचं बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. नारळी पौर्णिमेला होडी परत समुद्रात जाते. आमच्या घरची रीत अशी की त्याआधी घरच्या लेकीने होडीच्या पुढच्या टोकाला कुंकू लावायचं. सुनेने नाही, आईने नाही, लेकीने. बापाच्या वेळी आत्या लावायची, मग मी. लेक रागावलेली असेल तर होडीला मासा लागत नाही असं आमच्याकडे मानतात. माझा स्वतःचा यावर किती विश्वास होता कोण जाणे. कृणालचा होता, तेवढं पुरे होतं.

हात गळ्यात बांधून मी दहिसरला गेले, सुनंदा मावशीकडे. तिची नदीजवळच्या चाळीत खोली, बाजारात मासळीची बसायची जागा. हाड जुळलं, मी तिच्या शेजारी पाटी लावली. राजेशचा पत्ता लागेना. फोन बंद. मालवणच्या कुठल्या वाडीत गेला तेही ठाऊक नाही. मावशीने दोनदा स्थळं आणली, मी दोनदा पाहुण्यांसमोर चहाऐवजी दांडका ठेवला. मग तिने नाद सोडला.

दोन पावसाळे गेले. एके दिवशी पाटी उघडली तर बर्फाची ही एवढी ढेकळं! पापलेटांची पोटं फुटलेली, बोंबलांचा चेंदा. आमचा बर्फ कोपऱ्यावरच्या डेपोतून यायचा, सीताराम नावाच्या एका म्हाताऱ्याच्या. मी ढेकूळ हातात घेतलं आणि तशीच डेपोवर गेले.

"कोणी कुटला हा? समोर ये! मासे आहेत की दगड भरलेत मी पाटीत?"

आत एक माणूस पाठमोरा गोणपाटावर बसून डाव्या हाताने बर्फ कुटत होता. उजव्या पंजात अंगठा आणि एक बोट, त्याने गोणपाटाचं टोक दाबून धरलेलं. तो वळला. मी हातातलं ढेकूळ त्याला फेकून मारलं. नेम चुकला, कारण डोळे भरले होते.

"म्हातारा तुझा कोण?" माझ्या तोंडून हेच निघालं.

"मामा." राजेश उठला. "गेल्याच आठवड्यात आलो. काल हिरवी चिंधी दिसली."

"दिसली? मग असा बर्फ कुटतात? डावा हात आहे म्हणून काहीही टाकशील?"

"बारीकही येतो मला डाव्या हाताने." तो हसला, भुवईचा व्रण वर गेला. "बारीक टाकला असता तर तू आली असतीस का? तू भांडायलाच येतेस."

मी त्याच्या छातीवर गुद्दे मारले, मोजले नाहीत. तो उभा राहिला. मुंबई एवढी पसरलेली, बर्फाचे डेपो गल्लोगल्ली, आणि माझ्या पाटीला येणारा बर्फ नेमका याच्या मामाचा! याला कुणी नशीब म्हटलं तरी त्या दिवशी मी त्यावरून भांडले नाही. महिन्याभरात आम्ही रजिस्टर लग्न केलं. नलिनीआई आली, माझ्या हातात बांगड्या घातल्या आणि तो मोडलेला हात बराच वेळ धरून बसली. गोराईहून कुणी आलं नाही.

संसार सुरू झाला, डेपोच्या मागच्या खोलीत. डेपोत एक जुनं कुटायचं मशीन होतं. ते मामाच चालवायचा. राजेश त्याच्या जवळूनही जात नसे. झोपेत कधी कधी हात झटकायचा, मी तो पंजा दोन्ही हातांत धरून पडायचे. मला वाटायचं, झालं, आता कुणी आमचं काही घेणार नाही.

तिकडे कृणालची वाट लागली होती. पहिल्या वर्षी इंजिन बसलं, दुसऱ्या वर्षी नवी जाळी फाटून गेली, तिसऱ्या वर्षी एक खलाशी पाण्यात पडून मरता मरता वाचला. पुढच्या वर्षी खलाशीच मिळेनात. आईने अंथरूण धरलं आणि एकच धोशा लावला, "पोरीचा हात लागल्याबिगर होरी घालू नको."

म्हणून नारळी पौर्णिमेच्या सकाळी कृणाल डेपोत आला. चेहरा रापलेला, गाल आत गेलेले. एका हातात नारळ, दुसऱ्यात नव्या लुगड्याची पिशवी, आणि मागे तेच दोघं. सोबत तेच दोघं आणायला नको होते. तिथेच माझं डोकं फिरलं.

"चल," तो म्हणाला. "होरीला कुकू लाव. मग परत सोरतो."

"आधी याचे पाय धर."

"कोनाचे?"

"माझ्या नवऱ्याचे. त्याचे पाय धर, मग मी पायी चालत गोराईला येते."

राजेश मागून म्हणाला, "रोशनी, राहू दे. जा तू, लावून ये." खरंच म्हणाला. त्याला पाय धरून घ्यायची हौस नव्हती. मला होती. मी जागची हलले नाही.

कृणाल राजेशच्या हाताकडे बघून थुंकला. मग नारळ आणि पिशवी टाकून त्याने माझे केस धरले आणि मला दाराकडे ओढायला लागला. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्ताची चव आली, तरी सोडेना. राजेश धावला. त्याने डाव्या हाताने कृणालच्या कानशिलात दिली. कृणाल धडपडला, माझे केस सुटले. मग ते दोघं राजेशवर पडले. एकाने त्याच्या पोटात गुडघा घातला, दुसऱ्याने मान दाबली. सीताराममामा मशीन चालवत होता, तो घाबरून बाहेर पळाला आणि मशीन तसंच सुरू राहिलं.

त्या आवाजाने कृणालला काय झालं कोण जाणे. त्याने राजेशचा डावा हात धरला, चांगला हात, आणि मशीनकडे ओढला. "दुसराबी घालू? घालू काय?" राजेशच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता, लहान मुलासारखा. तो पाय रोवत होता आणि ओल्या फरशीवर पाय सरकत होते.

दांडका फळीवर होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला. मला कृणालला घाबरवायचं नव्हतं की अडवायचं नव्हतं. मला त्याचं डोकं फोडायचं होतं. घोळ तोडताना जोर लावते त्याहून जास्त जोर लावून मी तो मागून त्याच्या टाळूच्या रोखाने हाणला.

राजेशने मला कृणालच्या खांद्यावरून बघितलं. माझा चेहरा बघून त्याला कळलं की कृणाल यातून उठणार नाही. त्याने अंग पिळलं, खांद्याने कृणालला बाजूला ढकललं, आणि कृणालचं डोकं जिथे होतं तिथे त्याचं तोंड आलं.

हातांना कळतं. हाड तुटलं हे कानाच्या आधी हातांना कळतं. राजेश उभ्याचा उभा खाली आला, मशीनपासून वीतभर अंतरावर. उजवा डोळा दिसत नव्हता, तिथे नुसतं रक्त. पहिल्यांदा मी त्याला मारलं तेव्हा तो चुकून मध्ये उभा होता. या वेळी तो मुद्दाम मध्ये आला होता.

ते दोघं पळाले. कृणाल फरशीवर बसून माझ्याकडे, दांडक्याकडे, राजेशकडे बघत होता. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की ते त्याच्यासाठी होतं. मग तो उठला, मशीनचं बटण बंद केलं, राजेशला खांद्यावर घेतलं आणि रस्त्यावर धावत सुटला. फरशीवर पडलेली नव्या लुगड्याची पिशवी रक्ताने भरली होती. मी दांडका हातात तसाच धरून मागे धावत होते.

हॉस्पिटलात पोलिसाने विचारलं, कोणी मारलं. मी म्हटलं, मी. कृणाल म्हणाला, मी. पोलीस वैतागला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल बहुतेक, डोळ्याचं सांगता येत नाही, शुद्धीवर येऊ दे. तो 'बहुतेक' शब्द मी रात्रंदिवस चघळत बसले. नलिनीआई आली, माझ्या शेजारी बसली, पुन्हा हात जोडेल म्हणून मी मान वर केली नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यापेक्षा तिने मला जोड्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली. होडी किनाऱ्यावरच राहिली. कृणाल वॉर्डाच्या दाराबाहेर जमिनीवर बसून होता. मी त्याच्याशी बोलत नव्हते आणि तो जात नव्हता. त्याने माफी मागितली असती तर मी थुंकले असते, म्हणून त्याने मागितली नाही, एवढी अक्कल त्याला होती.

राजेशने डावा डोळा उघडला तेव्हा पोलीस परत आला. राजेश पुटपुटला, "बर्फाची लादी पडली." या माणसाने पोलिसाला आयुष्यात एकदा तरी खरं सांगावं! पोलिसाने वही मिटली आणि गेला.

राजेशचा चेहरा उजव्या बाजूने काळानिळा होऊन सुजला होता. नर्स म्हणाली, सुजेवर बर्फ ठेवत राहा, डोळ्याच्या पट्टीला लावू नका, गालावर ठेवा. आमच्याकडे बर्फाला काय तोटा? पण मला तिथून उठवत नव्हतं. मी दाराकडे बघून म्हटलं, "बर्फ आण."

त्या दिवसापासून भावाशी बोललेला तो माझा पहिला शब्द. कृणाल धावत गेला, डेपोतून गोणपाटात तुकडा घेऊन आला. बाकाखाली माझा दांडका पडला होता. त्याने तो उचलला आणि जिन्यात बसून कुटायला लागला. प्रत्येक घावाला माझ्या अंगावर काटा येत होता. मग त्याने तो बर्फ रुमालात बांधून आणला, मला द्यायला लागला. मी घेतला नाही. मी राजेशच्या गालाकडे बोट दाखवलं.

कृणालने वाकून रुमाल राजेशच्या गालावर ठेवला. राजेशने एका डोळ्याने त्याला ओळखलं, मी बघितलं, ओळखलं. तीन बोटं नसलेला पंजा चादरीवर होता. कृणालची नजर त्यावर गेली. मग राजेशचे ओठ हलले.

"जाडा आहे," तो म्हणाला. "टोचतो."

कृणालने रुमाल उचलला. परत जिन्यात जाऊन बसला आणि दांडका घेतला. बराच वेळ कुटत होता. मी दारात जाऊन उभी राहिले, गोणपाटात हात घालून बघितलं.

"अजून बारीक," मी म्हटलं.